केबलला पाणी घालणारा वायरमन

दुसरा जॉइंट जळाला त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच रफिकभाईंचा फोन आला. मी गारखेड्यातल्या माझ्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते.

"मॅडम, अब बस हुआ," ते म्हणाले. "आज तुम्ही स्वतः या. बघा, अन् लिहून द्या. सोमवारपासून मी दुसरा वायरमन ठरवलाय."

रफिकभाईंचा बर्फाचा कारखाना वैजापूर रोडवर, लासूर स्टेशनच्या थोडा अलीकडे आहे. एप्रिल संपत आला होता. बर्फवाल्याचा वर्षभराचा धंदा याच दोन महिन्यांत होतो. लग्नाच्या पंगती, रसवंत्या, लस्सीवाले, मासळीवाले, सगळ्यांना एकाच वेळी बर्फ लागतो आणि कारखाना चोवीस तास चालतो. अशा दिवसांत महिन्याभरात दुसऱ्यांदा मेन केबलचा जॉइंट जळून कारखाना बंद पडला होता. छोट्या जनरेटरवर पंप आणि दिवे तेवढे चालू होते. मिठाच्या पाण्याच्या टाकीत अर्धवट गोठलेल्या लाद्या तशाच उभ्या होत्या.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. तीस वर्षं परवानाधारक ठेकेदार म्हणून काम करते. सुरुवातीला लोक विचारायचे, साहेब कधी येणार? मी म्हणायचे, साहेब आलेत, तुमच्यासमोर उभे आहेत. आता ते कुणी विचारत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठं ना कुठं माझ्या हिशोबानं टाकलेली केबल जमिनीखाली आहे. रफिकभाईंच्या कारखान्याचीही केबल मीच ठरवली होती, दोन वर्षांपूर्वी.

जॉइंट म्हणजे काय ते आधी सांगते. केबल ड्रमवर गुंडाळून येते. ड्रमवरची लांबी पुरली नाही की दोन तुकडे जोडावे लागतात. आतल्या ॲल्युमिनियमच्या तारांवर नळी चढवून ती हत्यारानं दाबतात, वरून आवरण घालतात, रसायन ओततात आणि पुन्हा जमिनीत पुरतात. कुठल्याही केबलची सगळ्यात नाजूक जागा तीच. त्यामुळं जॉइंट जळाला की पहिला संशय तो करणाऱ्याच्या हातावर जातो.

हा जॉइंट लिंबाजीनं केला होता. लिंबाजी कारखान्याचा वायरमन. देवगाव रंगारीचा, चाळिशीचा, अंगानं बारीक. घरी वडील आणि भाऊ अजून मेंढरं राखतात. हा आयटीआय करून, परवाना काढून बर्फाच्या कारखान्यात लागला. आठवडाभर कारखान्याच्या खोलीवर राहायचा, सुट्टीला गावी जायचा. बोलायचा कमी. मशिनवर लक्ष भरपूर.

आता माझी पहिली चूक. ही लपवली तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मार्चअखेर पहिला जॉइंट जळाला तेव्हा रफिकभाईंनी मला मोबाइलवर फोटो पाठवले होते. मी शेंद्र्याच्या एका कामात अडकले होते. फोटो पाहिले, काळं पडलेलं जोडाचं तोंड दिसलं, आणि ऑफिसात बसूनच माझ्या लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी लिहून पाठवल्या. त्यात लिहिलं होतं की वायरमन लिंबाजीचं जोडणीचं काम निकृष्ट झाल्यामुळं जॉइंट गेला. साइटवर गेले नाही. लिंबाजीला फोन केला नाही. तीस वर्षांचा अनुभव असला की माणसाला फोटोतसुद्धा सगळं दिसतं, असा माझा समज होता.

ते पत्र रफिकभाईंच्या क्लार्कनं सगळ्या कामगारांसमोर वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं. रफिकभाई तसे वाईट मनाचे नाहीत. घाबरलेले होते. ऐन हंगामात कारखाना बंद पडला की मालक कुणावर तरी चिडतोच, आणि इंजिनिअर मॅडमनं नाव लिहूनच दिलं होतं.

त्यानंतर लिंबाजीनं नवा जॉइंट केला तो रफिकभाई खुर्ची टाकून समोर बसलेले असताना. तोही जळाला. आता रफिकभाईंना माझ्याकडून दुसरा कागद हवा होता. त्या कागदावर लिंबाजीची नोकरी जाणार होती. नुसती नोकरी नाही. लासूरपासून वाळूजपर्यंत वायरमन लोकांच्या बातम्या एका दिवसात पोचतात. दोन जॉइंट जाळणाऱ्याला कुणी मेन पॅनलला हात लावू देत नाही.

मी अकराच्या सुमाराला पोचले. ऊन मी म्हणत होतं. आवारात जॉइंटचा खड्डा उकरलेला होता आणि लिंबाजी कडेला उभा होता. रफिकभाईंनी मला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि क्लार्कला लेटरहेडचा विषय काढायला लावला. मी म्हटलं, आधी बघते तरी. लिंबाजी तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, जॉइंट मीच केला व्हता. खराब असंल तर माझी ना नाय. पण उघडून बघा अन् मग लिहा. मागच्या टायमाला तुम्ही न बघताच लिवलं."

आवाज चढवलेला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मी खड्ड्यात उतरले. लिंबाजीनं करवतीनं जॉइंट कापून वर घेतला आणि आम्ही तो ओट्यावर ठेवून उभा चिरला. जोड खराब असेल तर जळण्याची सुरुवात नळीच्या आत होते. नळी आणि तार यांच्यात फट राहते, तिथं ठिणग्या पडतात, ॲल्युमिनियम वितळून खडे होतात. इथं तसं काही नव्हतं. दाबाच्या खुणा सारख्या अंतरावर होत्या, तार नळीत घट्ट बसलेली होती. माझ्या स्वतःच्या माणसांनी इतका चांगला जोड केला असता तर मी त्यांना जेवायला नेलं असतं.

जळलं होतं ते बाहेरचं आवरण. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरापर्यंत तारेवरचं प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालं होतं. मी लिंबाजीला आणखी एक हातभर केबल कापायला सांगितली. तिथंही तपकिरी. नखानं दाबलं तर तुकडा पडला.

म्हणजे जॉइंट तापून केबल जळाली नव्हती. अख्खी केबलच तापत होती आणि सगळ्यात नाजूक जागी फुटत होती.

 केबल तापते याचा सरळ अर्थ ती लोडला कमी पडते. आणि केबलचा साइज लिंबाजीनं ठरवला नव्हता.

साइज कसा ठरतो ते सोपं करून सांगते. कारखान्यातल्या सगळ्या मोटरी मिळून किती करंट घेतात ते काढायचं. इथं ते दीडशे अँपिअरच्या आसपास होतं. मग केबल कंपनीच्या टेबलात, म्हणजे छापील तक्त्यात, बघायचं की कुठल्या जाडीची केबल किती करंट सोसते. पंच्याण्णव स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम केबल, म्हणजे जिच्या तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ पंच्याण्णव चौरस मिलिमीटर आहे ती, जमिनीत पुरली तर दोनशेच्या आसपास सोसते. नवशिका माणूस इथंच थांबतो आणि ऑर्डर देतो.

पण टेबलाच्या खाली बारीक अक्षरात अटी असतात. जमिनीचं तापमान इतकं धरलं आहे. माती इतकी ओलसर धरली आहे. केबल एकटी आहे असं धरलं आहे. करंट गेला की तार तापते आणि ती उष्णता बाहेर जायला वाट लागते. जमिनीत ती वाट म्हणजे माती. ओली माती उष्णता पटकन ओढून घेते, कोरडी माती घेत नाही. त्यामुळं जागेप्रमाणं टेबलातला आकडा कमी करून घ्यावा लागतो.

मी तो कमी केला होता. जमीन तापते म्हणून थोडा काढला, एकशे ऐंशीच्या आसपास उरला. दीडशेला एकशे ऐंशी म्हणजे छान. मातीसाठी मात्र मी पुस्तकातला नेहमीचाच आकडा धरला होता. मग ती तापते कशी?

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. मागचा उन्हाळा हीच केबल, हाच लोड, याच मोटरी. मे महिना अख्खा गेला आणि काही झालं नाही. मी लिंबाजीला विचारलं, मागच्या वर्षी आणि या वर्षी फरक काय?

त्यानं रफिकभाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगू का? तुम्ही हसताल."

"नाही हसत."

"मागच्या साली मी केबलीला पाणी सोडत व्हतो."

रफिकभाईंच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं आणि तिथंच थांबलं. मला काहीतरी अंधूक आठवायला लागलं.

बर्फाच्या लाद्या पत्र्याच्या उंच डब्यांत गोठवतात. लादी सुटावी म्हणून डबा साध्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. त्या टाकीतून दिवसभर पाणी सांडत असतं. मागच्या उन्हाळ्यात लिंबाजीनं खोऱ्यानं एक पाट काढून ते सांडपाणी केबलच्या चरावरून फिरवलं होतं, शेताला पाणी द्यावं तसं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं होतं.

"हिवाळ्यात बघितलं मॅडम. आपली इथली कुत्री रातच्याला सगळी एका रांगेत झोपायची. गेटापासून शेडपर्यंत, बराबर केबलीवर. मेंढरात वाढलो मी. जनावर उगीच जागा धरत नाय. हात लावून बघितलं तर जमीन कोमट. म्हणलं हिवाळ्यात ही गत, तर वैशाखात काय व्हईल. म्हणून पाणी सोडलं."

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं व्हतं की. भाईंनी माझ्यासमोरच तुम्हाला फोन लावला व्हता."

आणि मला तो फोन आठवला. रफिकभाई हसत सांगत होते की आमचा वायरमन केबलला पाणी घालतो. मी गाडीत होते. मीही हसले होते. "केबल आहे की मेथीची भाजी?" असं मी म्हणाले होते, आणि कागदावर सगळं बरोबर आहे, काळजी करू नका, असंही. फोन स्पीकरवर होता, हे मला आज कळत होतं.

पाट यंदा बंद झाला होता. बर्फ न्यायला येणाऱ्या गाड्यांची चाकं चिखलात रुतायला लागली म्हणून रफिकभाईंनी फेब्रुवारीत पाइप टाकून ते पाणी मागच्या नाल्यात काढून दिलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. उलट मीच एकदा तिथून जाताना थांबून, आवार आता कारखान्यासारखं दिसतंय, असं कौतुक केलं होतं. पाट बंद झाला, ऊन वाढलं, आणि मार्चअखेर पहिला जॉइंट गेला.

कोडं सुटल्यासारखं वाटत होतं. पण वाटण्यावर मी एक पत्र आधीच लिहिलं होतं, त्यामुळं या वेळी मोजून बघायचं ठरवलं.

आधी कारखाना चालू करणं भाग होतं. केबलचा खराब झालेला तुकडा कापून काढला आणि मधे नवा तुकडा घातला. म्हणजे आता एकाऐवजी दोन जॉइंट. माझा माणूस बोलावते, असं रफिकभाईंना म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. लिंबाजीनंच दोन्ही जॉइंट केले आणि मी खड्ड्याच्या काठावर छत्री घेऊन बसले. त्यानं तारा घासून लख्ख केल्या, नळी दाबली, प्रत्येक दाबानंतर बोटानं चाचपून बघितलं. घाई नाही, बडबड नाही. संध्याकाळी पाचला कॉम्प्रेसर सुरू झाला. पाइपचं तोंड फिरवून पाणी पुन्हा चरावर सोडायला मात्र मी मनाई केली. एक दिवस कोरडंच चालू दे, मला आकडे हवेत, असं सांगितलं. रफिकभाईंचा जीव वरखाली होत होता. कॉम्प्रेसर सलग चालवू नका, अधूनमधून थांबवा, एवढी सवलत मी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही केबलच्या वाटेवर दोन खड्डे घेतले. एक गेटाजवळ, जिथं मुरूम आहे. दुसरा शेडच्या बाजूला, जिथं कारखाना होण्याआधी कापसाचं शेत होतं. मुरमातली केबल माझ्या थर्मामीटरवर गरम लागली, पण हिशोबात बसेल इतकी. शेडच्या बाजूचा खड्डा लिंबाजीनं हातानं उकरला, कारण तिथं खोरं चालवायची गरजच नव्हती. काळी माती ढेकळांसारखी सुटून येत होती. भेगा इतक्या होत्या की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. केबलभोवती टाकायला मी ड्रॉइंगमधे वाळू दाखवली होती आणि ती टाकलीही होती. पण ती भेगांमधून खाली झिरपून गेली होती. माती केबलपासून दूर सरकली होती आणि मधे गरम कोंडलेली हवा होती. एप्रिलच्या उन्हात गोधडी पांघरून बसलेल्या माणसासारखी केबलची गत झाली होती. थर्मामीटर मुरमातल्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी जास्त दाखवत होता, आणि ते फक्त बाहेरच्या आवरणाचं तापमान. आतली तार त्याहून गरम.

मी काठावर बसले आणि मला स्वतःचाच राग आला. मी सिल्लोडची. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला कशा भेगा पडतात हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. लहानपणी माझा एक पैंजण अशाच भेगेत गेला होता. आईनं तुरीच्या काडीनं उकरून पाहिलं, हाती लागला नाही. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला ही गोष्ट माहीत नसली तर समजू शकतं. मला माहीत होती. पण मी रफिकभाईंची जागा बघायला गेले ती सप्टेंबरात. जमीन ओली होती, चपलांना चिखल चिकटत होता, भेगेचं नाव नव्हतं. ऑफिसात येऊन मी नेहमीचा आकडा भरला. इंजिनिअर झाले आणि शेतकऱ्याची पोर असल्याचं विसरले, एवढंच.

तिथंच वहीवर हिशोब पुन्हा केला. कोरड्या काळ्या मातीचा आकडा धरला तर केबल दीडशेच्या आतच संपत होती. त्यात दुपारी लाइनचं व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. म्हणजे कारखान्याला सगळ्यात जास्त बर्फ हवा तेव्हाच लोड जास्त आणि केबलची ताकद कमी.

दुपारनंतर पाइपचं तोंड फिरवलं आणि पाणी चरावर सोडलं. ढेकळांनी ते गटागटा पिऊन टाकलं. लिंबाजीनं पाट वळवत वळवत शेडपर्यंत नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. भेगा मिटल्या होत्या, माती केबलला चिकटली होती आणि थर्मामीटर पंधरा अंश खाली आला होता. लोड तोच. कॉम्प्रेसर रात्रभर सलग चालला होता.

रफिकभाईंनी थर्मामीटर माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितला. मग म्हणाले, "मग मॅडम, हेच चालू ठेवू. गाड्या तिकडून फिरवतो."

मी नाही म्हटलं. त्या पाण्यात डब्यांना लागलेलं मीठ उतरतं. केबलवर लोखंडी पट्ट्यांचं कवच असतं, ते अशा पाण्यानं दोन-चार वर्षांत गंजून जाईल. पाणी हा आजच्यापुरता आधार होता. खरा उपाय करावाच लागणार होता.

उपाय साधा होता. त्याच साइजची आणखी एक केबल पहिलीच्या शेजारी, हातभर अंतर सोडून टाकायची आणि लोड दोघींत वाटायचा. इथं एक गंमत आहे. करंट निम्मा झाला की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. दोन जणांनी ओझं उचललं की प्रत्येकाला निम्मं येतं, पण घाम पावच येतो, असं मी रफिकभाईंना समजावलं. ते म्हणाले, असे दोन जण मला कामाला मिळाले तर बघा. शिवाय काळ्या मातीच्या भागात चर रुंद करून ती माती काढून टाकायची आणि तिथं बारीक मुरूम चोपून भरायचा. मुरमाला भेगा पडत नाहीत.

हे सगळं कारखाना चालू ठेवून करता येणार होतं. नवी केबल टाकून होईपर्यंत जुनीला पाणी द्यायचं, आणि शेवटी जोडणीपुरता अर्धा दिवस बंद. रफिकभाईंनी मान डोलावली. मग जरा थांबून विचारलं, "और वो चिठ्ठी?"

त्यांना जुनं पत्र फाडून टाकायचं होतं. मी लिंबाजीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुझ्या कामात काही खोट नव्हती, चूक माझी होती, मला माफ कर. माझ्या मते हे पुरेसं होतं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही.

"मॅडम, तुम्ही मोठ्या मनानं बोलल्या. पण बदनामी कागदावर झाली, तर कागदावरच मोकळं करा. त्या पत्राची झेरॉक्स म्या घरी नेली व्हती. क्लार्कनं इंग्रजीतच वाचलं व्हतं, मला ते नीट येत नाय, म्हणून पोरीकडून वाचून घेतलं. बारावीला हाय ती. तिनं वाचलं अन् मला मराठीत सांगायला तयारच व्हईना. मग कळलं मला काय लिवलंय ते."

लिहून देते, मी म्हटलं. 

"आता लिहाल ते मराठीत लिहा," तो म्हणाला.

शुक्रवारी ऑफिसात लिहायला बसले. आयुष्यात शेकडो रिपोर्ट लिहिलेत. हा एक पानाचा कागद लिहायला दोन तास गेले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की तांत्रिक तपासणीअंती काही बाबी नव्यानं निदर्शनास आल्या आहेत. वाचलं आणि फाडून टाकलं. यात मी कुठंच नव्हते. दुसऱ्या मसुद्यात मातीच्या गुणधर्मांवर दोन परिच्छेद झाले. तोही फाडला. शेवटी लिहिलं ते असं: केबलचा साइज मी ठरवला होता. काळ्या जमिनीचा विचार मी नीट केला नाही. जागेवर न जाता मी लिंबाजी यांच्या कामाला निकृष्ट म्हटलं, ते माझं म्हणणं खोटं ठरलं. त्यांचे जॉइंट उत्तम होते. त्यांनी वेळेवर धोका ओळखला होता आणि त्यांच्या उपायामुळं मागच्या वर्षी कारखाना चालू राहिला. खाली सही, शिक्का, परवाना नंबर.

माझ्या मुलानं ते वाचलं आणि म्हणाला, आई, हे बाहेर फिरलं तर उद्या कुणी काम देईल का? मी म्हटलं, ते पहिलं पत्रही बाहेर फिरलंच होतं.

शनिवारी कारखान्यात गेले तेव्हा गाड्या भरणं चालू होतं. रफिकभाईंनी कागद वाचला, सगळा, सावकाश. मग क्लार्ककडं न देता माझ्याच हातात परत दिला.

"मॅडम, तुम्हीच वाचा. पहिलं पण सगळ्यांसमोर झालं होतं."

दहा-बारा माणसं होती. लाद्या ओढणारे, गाडीवाले, कॉम्प्रेसरचा ऑपरेटर. मी उभी राहून वाचलं.  वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एका गाडीवाल्यानं लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली आणि सगळे कामाला लागले, कारण बर्फ वितळत होता. रफिकभाई लिंबाजीजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैं भी हसा था लिंबाजी. माझं पण चुकलं." सोमवारच्या नव्या वायरमनला त्यांनी तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

लिंबाजीनं कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून पुन्हा उघडला, आणि घडी पडणार नाही असा एका वहीत घातला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी केबल पडली. चोपलेला मुरूम लिंबाजीनं स्वतः उभं राहून भरून घेतला. एका ठिकाणी मजुरांनी काळी ढेकळं परत आत लोटली होती, ती त्यानं त्यांना काढायला लावली. जोडणीसाठी कारखाना चार तास बंद राहिला. नंतर त्या उन्हाळ्यात एकदाही नाही. पुढच्या वैशाखात मी मुद्दाम भर दुपारी जाऊन दोन्ही केबलींचं तापमान घेतलं. बोट ठेवता येत होतं.

पत्रानंतर चार-पाच दिवसांनी लिंबाजीचा फोन आला होता. गावी जाऊन आल्याचं सांगितलं. पोरीनं पत्र वाचलं का, मी विचारलं.

"व्हय. आज्याला पण वाचून दाखवलं तिनं. दोनदा."

"काय म्हणाली?"

"म्हणली, आता हे पहिल्या पत्राच्या वर लावून ठिवा."

मग त्यानं मुरमाच्या गाडीचं काहीतरी विचारलं आणि आम्ही कामाचं बोलायला लागलो.

माझं काम त्या पत्रामुळं कमी झालं नाही. झालंच तर वैजापूरकडची दोन जास्त आली. साइट बघायला जाताना मी जो फॉर्म भरते त्यात मात्र दोन रकाने वाढलेत. एक, जमीन उन्हाळ्यात पाहिली का. दोन, त्या आवारात रोज काम करणाऱ्या माणसाशी बोलणं झालं का, आणि त्याचं नाव काय. दुसऱ्या रकान्याला क्लायंट हसतात. मॅडम, केबलच्या साइजचा आणि वॉचमनच्या नावाचा काय संबंध, असं एकानं परवाच विचारलं. मी त्याला एवढंच सांगितलं की तो रकाना रिकामा असेल तर मी डिझाइनवर सही करत नाही.